वाउटरचा सत्कार

आधी चहा घ्या, कारण हा किस्सा अर्धवट सांगता येत नाही. बेल्जियमच्या खालच्या डिव्हिजनमध्ये अर्धं आयुष्य घासलेला एक फुटबॉलपटू. त्याला थांबवणं त्याच्या गुडघ्यांना जमलं नाही, बुडीत क्लबांना जमलं नाही, सदा वैतागलेल्या प्रशिक्षकांना तर नाहीच नाही. ते काम मी जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी करून दाखवलं. मी त्याची कारकीर्द संपवली. तीही अत्यंत प्रेमानं, समारंभपूर्वक.

त्याचं नाव वाउटर. आयर्लंडमधल्या डंडॉक गावात आम्ही एका घरात राहायचो. वरच्या मजल्यावर एक खोली त्याची, एक माझी. दोघंही एकाच ऑनलाइन पेमेंटच्या कंपनीत. मी फसवणुकीचे व्यवहार पकडायचो आणि तो डच आणि फ्रेंच बोलणाऱ्या ग्राहकांची बोलणी खायचा. लॉकडाऊनमध्ये दोघांचं ऑफिस स्वयंपाकघरातल्या एकाच टेबलावर आलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. दिवसभर डच भाषेत 'हो बाई, बरोबर आहे बाई' ऐकून मलाही ते झोपेत म्हणता यायला लागलं होतं.

पहिल्याच दिवशी मी त्याला म्हणालो होतो, "बेल्जियम? तुमचा संघ तर जगात एक नंबर."

"तो बेल्जियम वेगळा," तो म्हणाला. "मी ज्या बेल्जियममध्ये खेळलो, तिथं कपडे बदलायच्या खोलीत गरम पाणी येत नसे."

आणि मग त्यानं जे सांगितलं ना, ते मी तोंड उघडं टाकून ऐकलं.

डावीकडचा बचावपटू, म्हणजे लेफ्ट बॅक. पहिला क्लब साखर कारखान्याच्या भिंतीला लागून. तिकडे उसाऐवजी बीट असतं. हंगाम सुरू झाला की मैदानावर असा वास सुटे की पाहुणा संघ नाक धरूनच हरायचा. मी संगमनेरचा आहे, मळीच्या वासाबद्दल मला कुणी शिकवायला नको. तिथंच मी त्याचा झालो. दुसरा क्लब कालव्याकाठी. चेंडू पाण्यात गेला की एक आजोबा होडीतून आणून द्यायचे. आपला संघ पुढे असेल तर फार सावकाश. तिसऱ्या क्लबचे अध्यक्ष फ्राइजचं दुकान चालवायचे. सामना जिंकला की बोनस म्हणून प्रत्येकाला मोठं पुडकं, वर मेयोनीज. पुढचा क्लब शेजारच्या क्लबात विलीन झाला आणि वर्षभरात दोघंही बुडाले. त्याच्या पुढच्यानं वरच्या डिव्हिजनमध्ये बढती मिळवली, गावात मिरवणूक निघाली, आणि मग कळलं की वर जायला लागणारं स्टेडियमच त्यांच्याकडे नाही. राहिले खालीच.

हे सगळं चालू असताना हा माणूस पहाटे पाववाल्याची गाडी चालवायचा, दुपारी झोपायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा.

एकदा चषकाच्या सामन्यासाठी पहिल्या डिव्हिजनचा एक बडा संघ त्यांच्या गावी आला. हे चार-शून्य हरले. पण पाचवा गोल वाउटरनं अगदी रेषेवरून काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फोटोत गोलरक्षक आहे, खांब आहे, चेंडू आहे, आणि डाव्या कोपऱ्यात वाउटरचा बूट आहे.

"हा तूच कशावरून?" मी विचारलं होतं.

"नाडी बघ. दोन रंगांच्या नाड्या जोडून बांधलेली आहे. दुसरं कोण बांधतं?"

मला सांगा, असा माणूस तुम्हाला रोज समोर बसून पोहे खाताना दिसला तर तुमचा ऊर भरून येणार नाही? मी चोवीस वर्षांचा होतो. जगात विजेत्यांचे फार लाड होतात आणि उरलेल्यांच्या जिवावर खेळ चालतो, हे मी तेव्हा दिवसातून दोनदा म्हणायचो. वाउटर म्हणजे माझ्या म्हणण्याचा चालता-बोलता पुरावा.

आयर्लंडला येतानाही त्यानं मुलाखतीत आधी विचारलं होतं, गावात क्लब आहे का. होता. अगदी स्थानिक लीगमधला; प्लंबर, शिक्षक, सुतार खेळायचे. प्रशिक्षक डेक्लन टायरचं दुकान चालवायचा. वाउटर तिथं दोन मोसम खेळला. मग कोविड आला आणि सगळं ठप्प. आता नव्या मोसमासाठी डेक्लन जानेवारीअखेर संघ ठरवणार होता. वाउटर सदतीस वर्षांचा. जागा मिळेल की नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. भांडी घासताना तो एका पायावर उभा राहून घासायचा, गुडघ्याच्या व्यायामासाठी.

मला म्हणायचा, "निनाद, क्लब बुडाले, विकले गेले. मी थांबलो नाही. कधीतरी थांबेन. पण ते मी ठरवणार. मी स्वतः जाऊन सांगणार. दुसरं कुणी नाही."

हे वाक्य मी ऐकलं होतं. स्वतःच्या कानांनी. तरीही पुढचं घडलं.

आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम त्या वर्षी ऑनलाइन होता. त्यात दरवर्षी एक सत्कार असतो. मंडळाच्या अध्यक्ष वैशालीताई, इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. मीटिंगला त्या हॉस्पिटलच्या पार्किंगमधून, गाडीत बसून यायच्या. कुणीतरी डब्लिनजवळ लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नुकत्याच डायरेक्टर झालेल्या गृहस्थांचं नाव सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी माइक सुरू केला.

"दरवर्षी आपण ज्याला आधीच सगळं मिळालंय त्यालाच नारळ देतो. का?"

"मग कुणाला द्यायचा, ते सांग," वैशालीताई म्हणाल्या.

मी वाउटरचं नाव सांगितलं.

"कुठल्या डिव्हिजनला खेळला म्हणालास?"

"तिसऱ्या. चौथ्या. मध्ये थोडे दिवस दुसऱ्या."

"काही जिंकला?"

"बढती मिळाली होती एकदा. पण स्टेडियम नव्हतं."

"अरे, मग सत्कार कशाचा करायचा?"

"न थांबल्याचा," मी म्हणालो.

मार्चपासून ताई कोविड वॉर्डात होत्या. गाडीच्या काचेवर पाऊस वाजत होता. मग म्हणाल्या, "हे पटलं मला. तूच कर सगळं."

तूच कर सगळं. माझ्यासारख्या माणसाला हे कधी सांगू नये.

आईनं बॅगेत कोंबलेली शाल होतीच. एशियन दुकानातून नारळ आणला, सुपरमार्केटमधून लिलीची पांढरी फुलं आणली, दुसरी नव्हतीच. कॅमेऱ्यात मागे फ्रीज दिसायला लागला म्हणून त्यावर पांढरी चादर टाकली. समोर समई नव्हती, तर वाटीत वात लावून ठेवली. आणि संक्रांत म्हटल्यावर मी काळा कुर्ता घातला. स्क्रीनवर डब्लिनपासून शॅननपर्यंतची सगळी कुटुंबं आपापल्या चौकोनात काळ्या साड्या, काळे झब्बे घालून बसली होती. वाउटरनं भावाच्या लग्नातला सूट काढला. तोही काळा. दाढी केली, केस चोपून बसवले.

"मी काय करायचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. बसायचं आणि मान खाली घालायची. आमच्याकडे सत्कारमूर्ती संकोचलेली दिसली पाहिजे."

"बोलायचं नाही?"

"शेवटी. गळा दाटून आला तर तेही नाही."

मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर शाल पांघरली, हातात नारळ दिला. आणि मग बोललो. साखर कारखाना, होडीवाले आजोबा, पाववाल्याची गाडी, बूट. सगळं, सलग, इंग्रजीत आणि मध्येच भरात येऊन मराठीत. स्क्रीनवरचे लोक डोळे पुसायला लागले. वैशालीताईंनी चष्मा काढला. बाजूला बघितलं तर वाउटरच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं शालीची नीट घडी घातली. म्हणाला, "एवढी वर्षं झाली. माझं सगळं असं सलग कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही माहीत नव्हतं की ते एवढं आहे." मग नारळ हलवून विचारलं, "हा कधी खायचा?"

त्या क्षणी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, त्याला तोड नाही. इथंच थांबलो असतो तर आज मी तुम्हाला एक छान, उदात्त गोष्ट सांगत असतो.

मी स्क्रीनचा फोटो डेक्लनच्या क्लबच्या फेसबुक पानावर टाकला. खाली इंग्रजीत लिहिलं: 'काय ही कारकीर्द. वाउटर, आम्ही तुझे ऋणी आहोत.'

आता तो फोटो तुम्ही जरा डोळ्यांसमोर आणा. मराठी डोळ्यांनी बघू नका, आपल्याला तो सत्कारच दिसणार. डंडॉकच्या डोळ्यांनी बघा. जानेवारी दोन हजार एकवीस. अंत्यसंस्काराला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं, बाकी सगळे घरी बसून कॅमेऱ्यातून बघतात. आणि या फोटोत, मागे पांढरं कापड, पुढे ज्योत, बाजूला लिली, आणि खांद्यावर घोंगडं पांघरून मान खाली घातलेला माणूस. भोवती चौकोनाचौकोनांत पाऊणशे लोक, सगळे काळ्या कपड्यांत, निम्मे रडताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्लनचा फोन आला. वाउटरनं स्पीकर लावला होता, कारण तो अंडी तळत होता.

"फेअर प्ले, गड्या, शाब्बास," डेक्लन म्हणाला. "सुंदर निरोप दिला त्यांनी तुला. एवढंच की, मला आधी सांगायला हवं होतंस."

"काय सांगायला?"

"निवृत्त होतोयस ते. काही हरकत नाही, ग्रँड आहे. तुझी जागा मी काल रात्रीच भरली. तुझी जर्सी फ्रेम करून भिंतीवर लावतो."

वाउटरनं गॅस बंद केला. "मी निवृत्त नाही झालो."

"अरे मी फोटो बघितला ना. तुझ्यावर पांघरूण घातलं होतं."

फोन ठेवल्यावर वाउटरनं अंडी माझ्या ताटलीत वाढली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"निनाद, तो नक्की काय समारंभ होता?"

"सत्कार. मान देतात."

"कुणाला देतात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोरून आमच्या शाळेतले, बँकेतले, नगरपालिकेतले सगळे सत्कार सरकन गेले. निवृत्तीचे. बहुतेक सगळे निवृत्तीचे.

"कुणालाही देतात," मी म्हणालो. पण आवाजात दम नव्हता.

"बेल्जियममध्ये एवढे अध्यक्ष बुडाले," तो सावकाश म्हणाला, "पण मला कुणी असं संपवलं नव्हतं."

शहाणा माणूस असता तर सरळ डेक्लनला भेटायला गेला असता. पण अन्याय दिसला की मला आधी टाइप करावंसं वाटतं. मी त्या फोटोखाली खुलासा लिहिला: 'हा निरोप नव्हता. आमच्या संस्कृतीत माणूस आपल्यात आहे तोवरच त्याचा गौरव करतात. गेल्यावर करून काय उपयोग?'

विचार म्हणून हे किती चांगलं वाक्य आहे, बघा. मी आजही त्याच्या बाजूनं उभा राहीन.

दुपारपर्यंत त्याखाली साठ हृदयं आणि तेवढ्याच मेणबत्त्या जमा झाल्या. 'शेवटपर्यंत लढ.' 'प्रार्थनेत तुझं नाव आहे.' संध्याकाळी त्याच्या जुन्या बेल्जियन क्लबनं, त्या साखर कारखान्यावाल्या, त्याचा तरुणपणीचा फोटो टाकला. कृष्णधवल. रात्रीच्या जेवणाआधी त्याच्या आईचा फोन आला. त्याचं डच बोलणं मला आता बऱ्यापैकी कळत होतं.

"नाही आई. नाही. मी आजारी नाही. मी पास्ता करतोय."

पुढच्या सकाळी शेजारच्या ब्रीडा आजी दारात उभ्या. मास्क लावून, नियमाप्रमाणे दूर, पायरीवर ब्राउन ब्रेड आणि स्ट्यूचं भांडं ठेवून.

"कसा आहे तो?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकदम ठणठणीत आहे."

"तू फार धीराचा आहेस रे. जेवतो का?"

"भरपूर जेवतो, आजी."

"माझे मालकही शेवटपर्यंत छान जेवत होते," त्या म्हणाल्या आणि डोळे टिपत गेल्या.

स्ट्यू उत्तम होता, तो भाग वेगळा. पण वाउटरनं त्या दिवशी एका पायावर उभं राहून भांडी घासली नाहीत. दोन्ही पायांवर उभा राहून घासली.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. मास्क लावला आणि टायरच्या दुकानात गेलो. टायरची दुकानं अत्यावश्यक होती, उघडी होती. डेक्लन एका ट्रॅक्टरच्या चाकाशी झोंबत होता. मी त्याच्यासमोर उभा राहून भाषणच केलं. खेळातल्या श्रमिकांबद्दल, खालच्या डिव्हिजनच्या प्रतिष्ठेबद्दल, माणसाला स्वतः थांबायचा हक्क असतो त्याबद्दल. माझं आवडतं भाषण. या वेळी तर एका जिवंत माणसासाठी होतं.

डेक्लननं सगळं ऐकून घेतलं. पाना खाली ठेवला.

"युअर मॅन पळतो का अजून?"

"म्हणजे?"

"तुझ्या वाउटरबद्दल विचारतोय. पळतो का?"

"पळतो की."

"सराव घ्यायला बंदी आहे. पण समोरचा चढ कुणाच्या बापाचा नाही. उद्या सकाळी मी इथं खिडकीत चहा पीत बसणार. त्याला व्यायामाला यावंसं वाटलं तर येऊ दे. माझा चहा संपेपर्यंत पळाला, तर बघू."

दुसऱ्या दिवशी वाउटर क्लबच्या पूर्ण गणवेशात उतरला. हवा अशी गार की श्वासाची वाफ दिसत होती. मी मागून सायकलवर, पाण्याची बाटली घेऊन. त्यानं चढ चढायला सुरुवात केली. वर, खाली, पुन्हा वर. खिडकीत डेक्लन कप धरून बसलेला.

आणि मग दारं उघडायला लागली. रस्त्यावरच्या लोकांनी, फोटो पाहिलेल्या, मेणबत्त्या टाकलेल्या लोकांनी, त्याला ओळखलं. एकेक जण उंबऱ्यावर येऊन टाळ्या वाजवायला लागला. ब्रीडा आजी फाटकाशी उभ्या राहून रडत होत्या. "हार मानू नकोस, बाळा," त्या म्हणत होत्या. त्यांना वाटत होतं माणूस मरणाशी झुंजतोय. वाउटरला वाटलं, त्याच्या वेगाचं कौतुक चाललंय. तो आणखी जोरात पळायला लागला.

मी काहीही खुलासा केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

डेक्लननं पहिला कप संपवला आणि दुसरा ओतला. मग तिसरा. माझे पाय सायकलवर थरथरायला लागले होते, पण पुढचा तो सदतीस वर्षांचा लेफ्ट बॅक चढाच्या टोकाला पोहोचला की तसाच वळायचा, जसा एकेकाळी कालव्याच्या काठानं वळत असेल. साखर कारखान्याच्या वासातून, पाववाल्याच्या पहाटेतून, बुडालेल्या एकेका क्लबातून हा असाच पुन्हा वळून आला असणार. सायकलवर मागे असलो तरी मला वाटत होतं की मी कुठल्यातरी मिरवणुकीच्या पुढे चाललोय.

शेवटी डेक्लन बाहेर आला. "बास कर रे. आणखी एक कप प्यायलो तर मलाच पळावं लागेल."

वाउटर गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. "मग?"

"बाकावर बसशील. खेळवीन असं म्हणत नाही."

"बाकावर बसायला मला येतं," वाउटर म्हणाला. "अनुभव आहे."

उन्हाळ्यात लीग सुरू झाली. थोड्या प्रेक्षकांना परवानगी मिळाली तेव्हा पहिल्याच सामन्याला मी दोरीला चिकटून उभा. शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी डेक्लननं त्याला आत पाठवलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. काही जण चमत्कार बघितल्यासारखे. त्यानं काही चमत्कार वगैरे केला नाही. दोन चेंडू डोक्यानं बाहेर काढले, पोरांना जागा दाखवून दाखवून ओरडला, कडेनं घुसणाऱ्या एका धिप्पाड विंगरला सभ्यपणे आडवा केला. रेफरीनं उलट वाउटरलाच पिवळं कार्ड दिलं. सामना शून्य-शून्य. लेफ्ट बॅकसाठी याहून सुंदर निकाल नाही, आणि मी ते मोठ्यांदा म्हणतही होतो.

शेजारी टोपीवाले एक वयस्कर गृहस्थ होते. म्हणाले, "तुला बरीच माहिती दिसते त्याची."

"मी त्याच्या घरातच राहतो," मी छाती फुगवून म्हणालो. "तो फोटो मीच टाकला होता."

"तूच का तो? खेळत्या माणसाला निवृत्त करणारा?" त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मैदानाकडे बोट दाखवलं. "मग जरा या रेफरीचंही बघ की."

भोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. आणि पुढच्याच क्षणी माझ्या तोंडून गेलं, "किती वर्षं सेवा झाली त्यांची? आमचं मंडळ पुढच्या वर्षासाठी नाव शोधतंय."